काठावर एक रात्र

उसनी दिलेली वस्तू परत मागायची मला कधी लाज वाटलेली नाही. म्हणून गेल्या वर्षी मार्चच्या सुरुवातीला, थंडी जरा मोडल्यावर, एका सकाळी मी शेजारच्या टेबटांच्या मागच्या दारी गेलो, तो माझी रबरी विजार परत न्यायला. तळ्यात उतरताना घालतात ना, ती. छातीपर्यंत येणारी, खाली बूट जोडलेले आणि वर खांद्याला पट्टे. ऑक्टोबरात डेस्मंड टेबट, आमचा डेस, ती घेऊन गेला होता, आणि नोव्हेंबरात ती अंगात असतानाच मेला.

नवरा ज्यात गेला ती विजार बायकोकडे मागणं बरं दिसत नाही, एवढं मलाही कळतं. मी सगळा हिवाळा थांबलो होतो. पण वस्तू चांगली होती, आणि माझ्या तळ्यात शेवाळ माजलं होतं.

दार ग्लेनिसनंच उघडलं. अंगात डेसचा जुना स्वेटर, हातात अर्धा खाल्लेला टोस्ट.

"ये, ऑब्री. समाचाराला आलास?"

"विजार न्यायला आलो."

"बरं झालं! एक तरी माणूस खरं बोलतो. बाकीचे केक घेऊन येतात आणि माझ्याकडे कसनुसं तोंड करून बघत बसतात. शेडमध्ये टांगलीय बघ. मी चहा ठेवते."

आत पाय टाकताना माझ्या बुटाला काहीतरी लागलं. दाराच्या आतल्या पायपुसण्यावर एक उंच, गडद हिरवा प्लास्टिकचा डबा उभा होता. मी तो लगेच ओळखला. दहनगृहातून तो आणायला मीच तिला माझ्या गाडीनं घेऊन गेलो होतो. त्यात डेसची राख होती.

"डेसला दार अडवायला ठेवलंस की काय?" मी विचारलं. आमच्यात असलं बोलणं चालतं. पण ती हसली नाही.

"मी नाही ठेवला," ती हळूच म्हणाली. "मी त्याला शेकोटीवरच्या फळीवर ठेवते. रोज ठेवते."

मी डबा उचलून तिच्या हातात दिला. बुडाशी तो ओला होता. पायपुसणंही ओलं होतं. बाहेर पाऊस नव्हता, आणि दाराला आतून कडी होती, ती आत्ताच तिनं माझ्यासमोर काढली होती.

मी आयुष्यभर लोकांना चष्म्याचे नंबर काढून दिले आहेत. त्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते. माणसाला समोरची अक्षरं दिसत नसली तरी तो ती वाचून दाखवतो, आणि त्यात त्याची लबाडी नसते. म्हणून माणसं काय बघितलं म्हणून सांगतात, त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही. माझ्या स्वतःच्या डोळ्यांवरही नाही. ग्लेनिस झोपेत चालत असणार, असं मी मनाशी म्हणालो आणि शेडकडे वळलो.

विजार खुंटीला उलटी टांगली होती, पाय वर आणि तोंड खाली. तिच्याखाली फरशीवर बशीएवढं पाणी साचलं होतं. मी बघत असतानाच पट्ट्याच्या टोकावरून एक थेंब पडला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. उलटी टांगलेली रबरी वस्तू सगळा हिवाळा ओली राहत नाही. मी आत हात घालून बघितलं. अस्तर गार आणि बुळबुळीत लागलं, आणि बोटांना काहीतरी चिकटलं. ती एक तळ्यातली गोगलगाय होती. तिनं शिंगं बाहेर काढली, तेव्हा ती जिवंत आहे हे मला कळलं.

चहा घेताना ग्लेनिसनं खरी गोष्ट सांगितली. तिची मुलगी निकोला नवऱ्याला सोडून माहेरी यायला निघाली होती. बरोबर मेबल, वय वर्षं दोन. ईस्टरच्या आत येणार आणि इथंच राहणार. निकोलाची अट एकच होती. मागचं तळं बुजलं पाहिजे.

"बाबा ज्यात गेले त्या पाण्याशेजारी मी माझं पोर ठेवणार नाही, असं म्हणाली. चूक आहे का तिची?"

"नाही."

"मला घरात माणूस हवंय रे. या सगळ्या हिवाळ्यात मी त्या घड्याळाशी बोलतेय." तिनं खिडकीबाहेर बघितलं. "बुधवारी मातीचा ट्रक सांगितलाय. पण डेस मला माफ करणार नाही. बेडूक आलेत बघ."

ते मला घरात बसूनच ऐकू येत होतं. आमच्याकडचे बेडूक डराव डराव करत नाहीत. ते पाण्यातल्या पाण्यात घुरघुरतात. दोन गल्ल्या पलीकडे कुणीतरी मोटारसायकल चालू ठेवून गेलंय, असं वाटतं. फेब्रुवारीच्या शेवटी पहिली उबदार ओल आली की ते शेतांतून, चरांतून, कुंपणांखालून निघतात आणि ज्या तळ्यात जन्मले नेमक्या त्याच तळ्यात येतात. वाटेत दुसरी तळी लागली तरी तिथं थांबत नाहीत.

आम्ही कप घेऊन बाहेर गेलो. आमच्या गावाची जमीन सखल. कुठंही हातभर खणलं की पाणी वर येतं, त्यामुळे परसात तळं नाही असं घर शोधावं लागेल. पण डेसच्या तळ्याची सर कुणालाच नव्हती. त्यानं ते तरुणपणी स्वतः खणलं होतं, मध्यभागी छातीइतकं खोल. त्या सकाळी काठावरची मार्श मॅरिगोल्डची पहिली पिवळी फुलं उघडली होती. आयरिसचे हिरवे कोंब पाण्यातून वर आले होते. उथळ बाजूला बेडकांच्या अंड्यांचे थर जमले होते, साबुदाण्याच्या खिरीसारखे, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. त्यांच्याखालून एक न्यूट, पाण्यातली पालच म्हणा, अंग वळवत आत गेला. पलीकडे बर्फाला भोक राहावं म्हणून डेसनं टाकलेला जुना फुटबॉल अजून तरंगत होता.

काठावर नोव्हेंबरातला शेवाळाचा ढीग तसाच पडून होता, सुकून चपटा झालेला.

तो ढीग का होता, ते सांगायला हवं. तळ्यातून दाताळ्यानं शेवाळ ओढलं की आम्ही ते लगेच फेकून देत नाही. काठाला उतरत्या बाजूनं लावून एक रात्र राहू देतो. त्यात गोगलगायी असतात, चतुरांच्या अळ्या असतात, न्यूट असतात. ते रात्रीतून सरपटत पाण्यात परत जातात. मग सकाळी शेवाळ खतात टाकायचं. सगळेच तळेवाले असं करतात, पण डेस त्या बाबतीत फारच कर्मठ. त्याचा नातलग जरी घाईघाईनं ढीग उचलायला लागला तरी तो त्याच्या हातातून फावडं काढून घ्यायचा. "आपण त्याला बाहेर ओढलंय," असं म्हणायचा. "एक रात्र काठावर दिलीच पाहिजे. परत जायचं की नाही, ते त्याचं तो बघेल."

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी तो शेवाळच ओढत होता. मी कुंपणाच्या या बाजूला गुलाब छाटत होतो. दाताळ्याचा खरखर आवाज थांबला. माणूस दमतो, थांबतो. मग बराच वेळ तो सुरू झाला नाही, म्हणून मी मान वर करून बघितलं. हृदय बंद पडलं असं नंतर डॉक्टर म्हणाले. तो पालथा पडला होता आणि विजारीत पाणी भरलं होतं, त्यामुळे ओढायला दोन माणसांचं बळ लागलं असतं. मी एकटाच होतो. कसा ओढला ते मला आता आठवतही नाही. त्या ढिगावरच त्याला उताणा घातला. ॲम्ब्युलन्सवाले आले, त्यांनी छाती दाबून बघितली, मग त्याला उचलून घेऊन गेले. हे सगळं चहा गार व्हायच्या आत झालं. ग्लेनिस तेवढं एकच म्हणाली होती, "थोडा वेळ असू द्या ना त्याला इथं." पण अशा वेळी कोण ऐकतं.

"मग बेडकांचं काय करायचं?" मी तिला विचारलं.

"ही अंडी तू तुझ्या तळ्यात ने. डेस आयुष्यात कधी अंडी हलवू देत नव्हता, रोग पसरतो म्हणायचा. पण मातीखाली गाडण्यापेक्षा तुझ्याकडे बरी. न्यूट मिळतील तेवढे ने. करशील?"

मी करतो म्हणालो. माझी विजार आता माझ्याकडे होतीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बादल्या घेऊन गेलो. ग्लेनिस काठावर उभी राहिली, मी पाण्यात उतरलो. विजार आतून अजून ओली होती. मी सकाळी ती शेकोटीसमोर धरली होती, तरीही. पायांना तो गारवा चिकटला तेव्हा मला शिसारी आली, पण दुपारची उन्हं चांगली होती आणि काम सोपं होतं. ओंजळीनं अंड्यांचा थर उचलायचा आणि बादलीत सोडायचा. तो हातातून निसटतो, पुन्हा गोळा करायचा. बेडूक घुरघुरत होते. कुंपणात काळा कस्तुर गात होता.

"डबा आज कुठं होता?" मी सहज विचारलं.

"दाराशीच." तिनं बादली पुढं केली. "काल रात्री मी झोपायच्या खोलीच्या दाराला खुर्ची लावून झोपले. झोपेत चालत असेन तर अडेन म्हणून. खुर्ची हललेली नाही. गालिच्यावर ओली रेघ होती, फळीपासून दारापर्यंत..."

"भिंतीतून ओल येत असेल."

"हो. असेल."

"दारच उघडं ठेवून बघ एकदा," मी थट्टेनं म्हणालो. "कुठं जातो ते तरी कळेल."

तिनं माझ्याकडे बघितलं. "रात्री दार बंद असतं म्हणूनच तो दाराशी थांबतोय ना, ऑब्री?"

त्याच वेळी बेडकांचा आवाज बंद झाला. एकदम, सगळ्यांचा. मी मध्याकडे एक पाऊल टाकलं होतं, तिथं तळ उतरता होता. पाय घसरला. घसरला एवढंच मी सांगू शकतो. ओढलं वगैरे कुणी नाही. मी बसल्यासारखा खाली गेलो, आणि वरून विजारीत पाणी शिरलं.

पाण्याखाली उजेड हिरवा होता. माझ्या चेहऱ्यासमोरून अंड्यांचा एक थर हळूहळू गेला, आणि मला त्यातला एकेक ठिपका स्पष्ट दिसत होता, चष्मा नसताना. नाकात पानांचा, चिखलाचा वास होता आणि तो घाण वाटत नव्हता. वर यावं, असं मला वाटेना. खरं सांगतो, हे मी ग्लेनिसलाही बोललेलो नाही. तिथं खाली मला अगदी घरच्यासारखं वाटत होतं.

मग काहीतरी माझ्या पट्ट्यात अडकलं. ते डेसचं दाताळं होतं. ग्लेनिस सडपातळ बाई, पण तिनं मला माशासारखा काठाला आणला. मी त्या सुकल्या ढिगावर पडून खोकत राहिलो. ती माझ्या पाठीत बुक्के घालत होती आणि रडतही होती.

"अरे मूर्खा... पुन्हा तेच बघायला लावतोस मला? उठ! घरात चल, लगेच!"

"मी ठीक आहे. थोडा वेळ पडू दे."

"अजिबात नाही. गारठून मरशील." तिनं मला बखोट धरून उठवलं, शेकोटीसमोर बसवलं, डेसचा गाऊन घालायला दिला आणि ब्रँडी पाजली. बादल्या काठावर राहिल्या.

शेकोटीवरच्या फळीवर डबा होता. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मघाशी तळ्यात बंद झालेला आवाज अजून सुरू झाला नव्हता.

"त्याला आपण ओढलं," ग्लेनिस म्हणाली, "आणि काठावर राहू दिलं नाही."

असल्या गोष्टी मी मानत नाही. पण ती चूक बोलतेय, असंही मला म्हणवेना.

अंधार पडायच्या आत आम्ही डबा घेऊन बाहेर गेलो. तिनं तो ढिगावर आडवा ठेवला, तोंड पाण्याकडे करून. झाकण घट्ट होतं. ती ते उघडायला गेली, मग म्हणाली, "नको. त्याचं तो बघेल." मी माझ्या बादल्या उचलून घरी गेलो आणि अंडी माझ्या तळ्यात सोडली. मग गरम पाण्यानं आंघोळ करून झोपलो. गाढ झोप लागली.

सकाळी तिनं मला कुंपणावरूनच हाक मारली. डबा होता तिथंच होता, ढिगावर. झाकण घट्ट लावलेलं. मी ते फिरवून काढलं, त्यालाही जोर लागला. आत काही नव्हतं. राखेचा कणही नव्हता. आतून तो धुऊन पुसल्यासारखा कोरडा होता. सुकलेल्या शेवाळात एक रुंद रेघ उमटली होती, ढिगापासून पाण्यापर्यंत, आणि तेवढ्याच पट्ट्यातलं शेवाळ हिरवं झालं होतं.

बेडूक पुन्हा घुरघुरत होते.

"गेला," ग्लेनिस म्हणाली. ती रडली, पण ते रडणं वेगळं होतं. घरी जाऊन तिनं गालिचा बघितला, तो वाळला होता. "पण आता त्याच्या अंगावर माती टाकायची का रे? उद्या ट्रक येणार."

"जगभर लोक तेच करतात," मी म्हणालो. "त्याला दफन म्हणतात. इथं फक्त ट्रकनं करायचं."

ती ओल्या डोळ्यांनी हसली. मला त्या क्षणी फार बरं वाटलं. तिचं सगळं ठीक होणार होतं.

बुधवारी तळं बुजलं. उरलेली अंडी, न्यूट, जेवढे हाती लागले तेवढे मी माझ्याकडे आणले. वर हिरवळीचे पट्टे अंथरले. ईस्टरच्या आधी निकोला आली, मेबल आली. ती गुबगुबीत, खोडकर पोर दिवसभर त्या हिरवळीवर लोळायची आणि मला कुंपणातून बिस्किटं मागायची. ग्लेनिस वर्षभरात दहा वर्षांनी तरुण झाली. घड्याळाशी बोलणं तर तिनं सोडलंच, उलट घड्याळ ऐकूच येत नाही म्हणायची, इतका घरात गोंगाट.

इथं गोष्ट संपवून तुम्हाला निरोप द्यायला हरकत नव्हती.

पण त्या बुधवारनंतर मी सकाळी जागा होतो तो बिछान्यात नाही. सुरुवातीला खोलीच्या दाराशी, जमिनीवर. मग जिन्याच्या खालच्या पायरीवर. उन्हाळ्यापर्यंत मागच्या दाराच्या पायपुसण्यावर, कुशीवर झोपलेला, कपडे ओलेचिंब. माझा डॉक्टर म्हणतो, या वयात घाम फार येतो, आणि झोपेत चालणारीही माणसं असतात. मला ते पटतं. मी स्वतः ग्लेनिसबद्दल तेच म्हणालो होतो. मी दाराला दुसरी कडी लावली, वरती, हात पुरणार नाही अशी. शरद ऋतूत मी बाहेर, गुलाबांच्या वाफ्यात जागा झालो. दोन्ही कड्या लावलेल्याच होत्या.

मी घाबरलो का? हो, घाबरलो. पण भीतीपेक्षा मला एक विचित्र अधीरता वाटते, उशीर होतोय अशी. आणि माझं स्वतःचं तळं तर परसातच आहे. काठापासून माझा बिछाना दूर नाही. पण मी कधी एकदाही त्या दिशेला गेलेलो नाही. प्रत्येक वेळी कुंपणाच्या बाजूलाच, जिथून मला ओढून काढलं आणि काठावर पडूही दिलं नाही, तिकडं.

त्या अंड्यांतून बेडूकमासे निघाले होते. ते माझ्या तळ्यात एका कडेला गर्दी करून असायचे, कुंपणाच्या कडेला. तिथं उन्हं येतात, असं मी स्वतःला सांगितलं. तिथं उन्हं येत नाहीत.

आता पुन्हा मार्च आला. गेल्या आठवड्यात पहिली उबदार ओल आली आणि बेडूक निघाले. माझ्याकडे एकही आला नाही. माझ्या तळ्याच्या काठानं जाऊन, कुंपणाखालून ते टेबटांच्या हिरवळीवर गेले. संध्याकाळी मी वरच्या खिडकीतून बघितलं. तळं होतं त्याच गोल आकारात ते बसले होते, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. पाणी नव्हतं, तरी घुरघुरत होते. मेबल टाळ्या वाजवत होती आणि निकोला तिला मागं ओढत होती.

आज सकाळी मी जागा झालो तो माझ्या बिछान्यात. वर्षभरात पहिल्यांदाच. अंग कोरडं, झोप छान झालेली. मी स्वतःशी गाणं म्हणत चहा ठेवला. तेवढ्यात ग्लेनिसनं कुंपणावरून हाक मारली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ऑब्री, रात्री काही ऐकलंस? आमची हिरवळ खणलीय कुणीतरी. मधोमध. खड्डा आहे, आणि खाली पाणी लागलंय..."

"कोल्हा असेल."

"कोल्हा? खड्डा छातीएवढा आहे. आणि माती इकडंतिकडं फेकलेली नाही. काठाला लावून ठेवलीय, नीट, उतरत्या बाजूनं." तिचा आवाज खाली आला. "डेस लावायचा तशी."

घराच्या आतून निकोलाचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती, आम्ही आजच निघतो म्हणून. मेबल दाराच्या काचेला नाक लावून खड्ड्याकडे बघत होती.

"तिला थांबव ना," ग्लेनिस म्हणाली. "तू सांग तिला. तुझं ऐकते ती. सांग, आपण आजच बुजवू. तू येशील ना बुजवायला? विजार घालून ये, चिखल फार आहे."

"येतो," मी म्हणालो.

"आणि हात का असे मागं धरलेयस? लागलंय का काही?"

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

ती घाईघाईनं घरात गेली. मी हात समोर आणून बघितले. आज उठल्यापासून मी ते तीनदा साबणानं धुतले होते. नखांखाली अजून काळी माती होती.

विजार मी आत्ताच शेडमधून आणली. तुम्ही बसलात त्या खुर्चीमागं टांगलीय, तीच. आज तिच्याखाली पाणी नाही, वर्षभरात पहिल्यांदाच. हात लावून बघा, आतून अगदी खडखडीत वाळलीय.